काळा कोट आणि हंडा

दोस्तांनो, मी गोदीत ओझी उचलणारा मॅट्रिकवाला. पण महाडचा खटला मला पाठ आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. खटला मागून आला, तोही सवर्णांनी भरलेला. बाबासाहेब त्यात प्रतिवादी! १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात जिंकले. कशावर? वहिवाट अनादी आहे हे वादींना शाबीत करता आलं नाही, यावर. अस्पृश्यता पाप आहे असं कोर्ट बोललंच नाही.

२०१४ ला मुंबई हायकोर्ट बोललं : पाणी हा कलम २१ मधला जगण्याचा हक्क, २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी द्या. तरी आजही झोपडपट्टीत पाणी विकत घ्यावं लागतं.

म्हणून पोरांनो, वकील व्हा. पाण्याचे खटले लढवा. पण निकालाची नक्कल घेऊन घरी जाऊ नका. हंडेवाल्या बायांसोबत वॉर्ड ऑफिसवर चला. नळाला पाणी येईपर्यंत केस चालूच आहे!