विश्लेषण : घाटात कमी काय पडते, पाय की दाते?

पावसाळा सरला की पुण्यातून सिंहगड, बोपदेव घाट, वाईमार्गे पाचगणी या रस्त्यांवर सायकलस्वारांची वर्दळ वाढते. त्यातले बरेचजण पहिल्या तीव्र चढावर खाली उतरतात, सायकल ढकलत वर नेतात आणि ‘फिटनेस कमी पडला’ म्हणून स्वतःलाच दोष देतात. पुष्कळदा कमी पडलेला असतो तो गिअर. महागड्या रोड बाइकचे गिअर अनेकदा रोज तासन् तास सराव करणाऱ्या शर्यतपटूच्या पायांचा हिशेब करून ठरवलेले असतात. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी घाट गाठणाऱ्याचा त्यात विचार नसतो. तो विचार ग्राहकाने स्वतः करायचा आणि दुकानदाराने त्याला तो करायला लावायचा, असे खरे तर व्हायला हवे.

गिअर ‘हलका’ म्हणजे नेमके काय?

पायडलच्या क्रँकला जोडलेले दातेरी चक्र म्हणजे चेनरिंग. मागच्या चाकावरचा लहानमोठ्या चक्रांचा गठ्ठा म्हणजे कॅसेट. पुढचे दाते भागिले मागचे दाते, एवढेच गणित. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक १.२१ वेळा फिरते. रोड बाइकच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरहून थोडी जास्त पुढे जाते. मागे २८ ऐवजी ३४ दात्यांचे चक्र लावले की तेच अंतर २.१ मीटर होते.

आता हे घाटात नेऊ. सायकलस्वाराचे वजन ७० किलो, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून १० किलो धरा. दहा टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर उंची गाठायची असताना, ताशी ८ किमी वेग ठेवायला साधारण १८५ वॅट शक्ती लागते. गिअर बदलल्याने हा आकडा कमी होत नाही. गिअर फक्त ती शक्ती कशी खर्च करायची ते ठरवतो. ३४-२८ वर त्या वेगाला मिनिटाला ५२ फेरे पडतात, ३४-३४ वर ६३. प्रत्येक फेऱ्यात पायडलवर द्यावा लागणारा जोर मात्र जवळपास १८ टक्क्यांनी उतरतो. जुन्या शर्यतीच्या सायकलींवर असायची तशी ३९-२५ ची जोडी असेल तर फेरे ४१ वर येतात. तिथे पायडल फिरवण्याऐवजी दर वेळी त्यावर उभे राहून ते खाली दाबावे लागते. एवढा जोर आणि इतके कमी फेरे, हे अर्धा तास चालले की गुडघे तक्रार करणारच.

याहून मोठा फायदा सहसा कोणी सांगत नाही. हलका गिअर सावकाश जाण्याची मुभा देतो. त्याच चढावर वेग ताशी ६ किमीवर आणला तर शक्ती १४० वॅटच्या आसपास पुरते. पण ३४-२८ वर तेव्हा फेरे ३९ होतात आणि सायकल डगमगू लागते. म्हणजे जड गिअर माणसाला हळू जाऊच देत नाही. एक तर त्याच्या आवाक्याबाहेरच्या वेगाने चढा, नाहीतर उतरा.

म्हणूनच सगळे घाट सारखे नसतात. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, पाचगणी १,३०० च्या आसपास आणि मधला पसरणी घाट सुमारे १२ किमीचा. सरासरी चढ पाच टक्के. तिथे ताशी ११ किमी वेगाने ३४-२८ वर मिनिटाला सत्तरएक फेरे आरामात पडतात. तीच सायकल घेऊन सिंहगडाच्या तीव्र वळणांवर गेले की दम निघतो. सायकल तीच आणि पायही तेच असतात, बदललेला असतो तो फक्त उतार.

मग हलक्या गिअरची लाज का?

सायकल ग्रुपमध्ये मोठ्या कॅसेटला ‘ग्रॅनी गिअर’ म्हणून चिडवण्याची रीत आहे. ती जुनीच आहे. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर बदलणाऱ्या सायकली शर्यतीत नकोच होत्या. त्यांच्या मते तो दुबळ्यांचा आधार. त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, देग्रांज यांनी सूत्रे सोडल्यानंतर. तोवर आल्प्स आणि पिरेनीजमध्ये जगातले उत्तम सायकलपटू घाटाखाली थांबून, मागचे चाक काढून उलटे बसवत होते, कारण दुसऱ्या बाजूला हलके चक्र असे.

आज अव्वल खेळाडूंनी ही लाज सोडली आहे. २०२३ च्या जिरो दि’तालियामध्ये मॉन्ते लुसारी या डोंगरावरच्या टाइम ट्रायलसाठी प्रिमोझ रोग्लिचने पुढे एकच, ४२ दात्यांचे चेनरिंग आणि मागे १०-४४ ची कॅसेट लावली होती. म्हणजे सर्वांत हलका गिअर एकास एकहून खाली. मध्येच चेन उतरली, तरी टप्पा त्यानेच जिंकला आणि जिरोही. त्याला ४४ दाते चालतात आणि आपल्याकडच्या हौशी स्वाराला ३४ कमीपणाचे वाटतात, हे गमतीचे आहे.

बदलायचे काय आणि फसते कुठे?

सर्वांत स्वस्त बदल कॅसेटचा. ११-२८ काढून ११-३२ किंवा ११-३४. खर्च काही हजारांत. पण फक्त कॅसेट बदलून भागत नाही आणि इथेच अनेकांची फसगत होते. मागच्या डिरेलरला किती मोठे चक्र झेपते याची मर्यादा असते. उदाहरणार्थ, शिमानोच्या अकरा गिअरच्या १०५ आर७००० या संचात आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३० दात्यांपर्यंतच चालतो, लांब पिंजऱ्याचा ३४ पर्यंत. बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. मग डिरेलरही बदलावा लागतो. हँगरला जोडपट्टी लावून आखूड डिरेलर खाली आणण्याची युक्ती आहे आणि ती पुष्कळदा चालतेही, पण ती कंपनीने मान्य केलेली नाही हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरी अडचण चेनची. मोठे चक्र लावले आणि चेन तीच ठेवली, तर पुढे मोठे आणि मागेही मोठे चक्र एकाच वेळी पडल्यावर चेन ताणली जाते. चालत्या सायकलवर असे झाले तर हँगर तुटतो, डिरेलर आऱ्यांमध्ये जातो. चेन नव्याने मोजून घ्यायलाच हवी. डिरेलर मोठ्या चक्राला घासू नये म्हणून बी-स्क्रूही पुन्हा जुळवावा लागतो. मेकॅनिक काम आटोपून सायकल नुसती स्टँडवर फिरवून देत असेल, तर मोठ्यावर मोठे टाकून दाखवायला सांगावे.

एवढे करूनही पुरत नसेल तर क्रँक बदलता येते. ५०-३४ ऐवजी ४६-३०. खर्च वाढतो, पण मागच्या ३४ दात्यांसोबत एका फेऱ्याला १.८५ मीटर एवढा हलका गिअर मिळतो.

तोटा काहीच नाही?

आहे. अकरा गिअरच्या ११-२८ मध्ये ११, १२, १३, १४, १५ अशी एकेका दात्याने चढणारी चक्रे असतात, ११-३४ मध्ये ११ नंतर थेट १३, मग १५. सपाट रस्त्यावर ग्रुपमध्ये ठरावीक वेगाने जाताना ही उडी जाणवते. शर्यत लढवणाऱ्यासाठी ती तक्रार रास्त आहे. इतरांना दोन आठवड्यांत सवय होते. वेग कमी होईल ही भीती मात्र निराधार. ५०-११ वर मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी ५१ किमी होतात. उतार सोडला तर तो गिअर हौशी स्वाराच्या कामी कधी येतो?

त्या मानाने खर्चाचे गणित उलटेच चालते. एक किलोने हलकी फ्रेम घेण्यासाठी लोक लाखाच्या घरात पैसे मोजतात. ८० किलोच्या एकूण वजनात एक किलो म्हणजे सव्वा टक्का. कॅसेट बदलून पायावरचा जोर १८ टक्क्यांनी उतरतो, पण ती कॅसेट फोटोत दिसत नाही.

नवी सायकल घ्यायची असेल तर ही अदलाबदल ती दुकानाबाहेर पडण्यापूर्वीच सुचवावी. वापर न झालेल्या कॅसेटच्या बदल्यात फक्त फरक घेऊन मोठी कॅसेट द्यायला बरेच दुकानदार तयार होतात. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर फेरी मारून यातले काहीच कळणार नाही. मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर दात्यांची संख्या बहुधा कोरलेली असते, ती आधी वाचावी. नसेल तर बोट ठेवून मोजावेत.