पाकीट निराळे, पत्र निराळे

हुंडीच्या व्यवहारात शब्द नेमके होते. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच द्यावयाचे. हुंडी गहाळ झाली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ, आणि रक्कम चुकती झालेली हुंडी म्हणजे खोका. कोणाची जबाबदारी कोठे संपते, याचा निवाडा या एकेका शब्दात असे. आज पेढीचा पत्रव्यवहार ई-मेलने चालतो. त्याचीही परिभाषा तितकीच काटेकोर आहे. मात्र ती पडद्याआड राहिल्याने व्यापाऱ्याच्या कानी पडत नाही.

एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे ई-मेल ज्या नियमांनी जाते, त्यांना एसएमटीपी म्हणतात. जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये ते प्रसिद्ध केले. हा सारा व्यवहार संवादरूप आहे. येणारा सर्व्हर आपली ओळख देतो, पाठविणारा कोण व घेणारा कोण हे सांगतो आणि मग मजकूर सुपूर्द करतो. समोरचा दरवेळी आकड्यात उत्तर देतो. 250 म्हणजे मान्य. आकडा 4 ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती, 5 ने झाला तर नकार कायमचा. परत आलेल्या ई-मेलमध्ये 550 दिसल्यास तेच पत्र पुनःपुन्हा पाठवीत बसण्याऐवजी पत्ता तपासणे बरे.

या संवादात सांगितलेल्या पत्त्यांना ‘एन्व्हलप’, म्हणजे पाकीट, असे नाव आहे. पडद्यावर दिसणारे ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ मात्र पाकिटावरचे नव्हेत; ते आतील पत्राच्या माथ्यावरचे. सर्व्हर पाकीट पाहून टपाल पोहोचवितो, पत्राचा माथा पाहून नव्हे. बीसीसीचे रहस्य हेच: ते नाव पाकिटावर असते, पत्रावर नसते. (सीसी म्हणजे कार्बन कॉपी, बिलबुकातील निळ्या कागदाची ही स्मृती अजून टिकून आहे.)

धोकाही याच भेदात आहे. 1982 च्या नियमांत पाठविणाऱ्याची शहानिशा नव्हती. पत्राच्या माथ्यावर कोणीही कोणाचेही नाव घालू शके. मग एके दिवशी नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने निरोप येतो: आमचे खाते बदलले आहे, यापुढची रक्कम नव्या खात्यात भरावी. बिल खरे, आकडा खरा, खाते मात्र चोराचे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया गणली आहे; खोटा लेख घडविण्याच्या या कृत्याला इतका नेमका शब्द नव्या परिभाषेत सापडणे कठीण.

पुढे तीन पडताळण्या आल्या. आपल्या डोमेनच्या नावाने टपाल पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे, याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. मजकुरावर उमटविलेली सांकेतिक स्वाक्षरी म्हणजे डीकेआयएम. आणि या दोहोंपैकी एकाचा तरी मेळ पडद्यावरील ‘फ्रॉम’शी बसतो की नाही, हे पाहणारी व न बसल्यास काय करावे ते सांगणारी ती डीमार्क. स्वतःचे डोमेन असलेल्या पेढीने या तीन नोंदी आहेत की नाहीत, हे संगणक सांभाळणाऱ्यास विचारलेच पाहिजे.

तरीही दोन वाटा उघड्या राहतात. पुरवठादाराची खरी पेटीच चोराच्या हाती गेली असेल, तर तिन्ही पडताळण्या निर्वेध पार पडतात. चोराने मिळतेजुळते डोमेन विकत घेतले असेल, तरीही पडतात. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी ठेवले, तर घाईत वाचणाऱ्याला फरक दिसत नाही.

एनईएफटी व आरटीजीएसमध्ये रक्कम खातेक्रमांकावर जमा होते, नावावर नव्हे. म्हणून रक्कम पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविणारी सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. ती वापरावी. खाते बदलल्याचा निरोप आल्यास त्याच ई-मेलमधील क्रमांकावर नव्हे, तर जुन्या बिलावरील क्रमांकावर दूरध्वनी करावा. पैसे गेलेच असतील, तर बँकेला आणि 1930 या राष्ट्रीय मदतक्रमांकाला त्याच घटकेस कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता तेवढ्या अवधीतच असते.