मैदानाबाहेर गेलेला खेळाडू

भातकापणी उरकली की म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यातील गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात. मुंबईत चाकरीला असलेले तरुणही त्यासाठी रजा टाकून गावी येतात. चांगल्या चढाईपटूचे नाव पंचक्रोशीत होते. परंतु तिशी उलटून गुडघा कुरकुरू लागला की तोच खेळाडू प्रेक्षकांत जाऊन बसतो आणि त्याने वर्षानुवर्षे कमावलेले पकडीचे कसबही त्याच्यासोबत मैदानाबाहेर जाते.

उत्तम खेळाडू तोच उत्तम प्रशिक्षक, हा समज आपल्याकडे फार दृढ आहे. रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना होता, तोही १९६३ सालचा. शिवाजी पार्कवर त्यांनी कोणाला घडविले हे मात्र शाळकरी पोरही सांगेल. शिकविणे ही स्वतंत्र विद्या आहे.

नाशिकच्या शैलजा जैन यांची कहाणी तर अधिक बोचणारी आहे. कबड्डी खेळून त्या प्रशिक्षक झाल्या, शासकीय सेवेत कित्येक वर्षे मुली घडवीत राहिल्या. भारतीय संघाला शिकविण्याची त्यांची इच्छा होती. ती संधी आली नाही. बोलावणे आले ते इराणहून. तिथे त्या फारसी शिकल्या, खेळाडूंना योग व प्राणायामाची गोडी लावली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरविले. २०१० आणि २०१४ चे सुवर्णपदक भारताकडेच होते! त्यानंतर आपल्याकडे जैन यांच्या कौतुकाला भरते आले, हे ओघानेच आले.

जैन यांना निदान शासकीय नोकरी तरी होती. म्हसळ्याच्या चढाईपटूपुढे तोही मार्ग नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाची पदविका मिळते हे खरे. पण रोजंदारी सोडून तो वर्षभर पंजाबात राहणार कसा आणि तोवर घरची चूल पेटवायची कोणी? लावणी आणि कापणी यांमधल्या दिवसांत असा एखादा छोटा वर्ग अलिबागला मराठीतून भरविणे शासनाला अवघड नाही. पुढचे काम त्याहून सोपे आहे. शाळांच्या वेळापत्रकात खेळाचा तास आहेच. तो घेण्यासाठी प्रेक्षकांत बसलेल्या त्या गड्याला मानधनावर बोलवायचे, एवढेच.