आजारांतून उठलेलें पिलूं

गेल्या महिन्यांतील पत्रांत एका भगिनीचें पत्र आहे. त्यांच्या गल्लींतील एका कुत्रीचीं पांच पिलें ‘पार्व्हो’च्या तडाख्यांत सांपडलीं. चार गेलीं, एक वांचलें. आणि पशुवैद्याकडे आठ दिवस सलाइनवर काढून उठलेलें तें पिलूं त्यांच्या मुलाला घरीं आणावयाचें आहे. घरांत जावेचें वर्षाचें मूल आहे, बारा वर्षांची एक म्हातारी कुत्री आहे आणि सासूबाई आहेत. “मरणाच्या दारांतून परतलेलें जनावर ठेवून घेतलें आणि पुढें तें गेलेंच, तर मुलाची समजूत कशी घालावयाची?” असें त्यांनीं विचारलें आहे. भूतदयेचे चार शब्द लिहून सुटणारा हा प्रश्न नव्हे.

आमच्या मतें अशा वेळीं पहिली चौकशी करावयाची ती पिलूं कोणत्या आजारांतून उठलें याची. पिलांना घेरणारे मोठे आजार दोन, पार्व्हो आणि डिस्टेंपर. दोन्ही विषाणूंचे, पण स्वभावानें अगदीं उलट. पार्व्हो शरीर सोडतो, पण घर लवकर सोडीत नाहीं. डिस्टेंपर घर सोडतो, पण शरीर सोडीलच याचा भरंवसा नाहीं.

पार्व्हो त्या मानानें नवा. १९७८ सालीं तो प्रथम ओळखला गेला आणि दोनएक वर्षांत जगभर पसरला. आंतड्याचें अस्तर व रक्तांतील पांढऱ्या पेशी यांवर त्याचा घाला. ओकाऱ्या आणि रक्ताचे जुलाब होऊन दोनतीन दिवसांत पिलूं चिंधीसारखें पडतें. उपचार न झाल्यास दहांतील नऊ दगावतात. वेळेवर दवाखान्यांत नेलें तर दहांतील आठनऊ वांचतात. जें वांचतें तें बहुधा पुरतेंच वांचतें. एखाद्याचें पोट पुढेंही नाजूक राहतें, पण त्या आजाराविरुद्ध अंगीं आलेली शक्ति वर्षानुवर्षें टिकते. आमच्या भगिनीला ज्याची भीति वाटते, तो घाट हें पिलूं चढून उतरलें आहे.

डिस्टेंपरची गोष्ट निराळी. हा विषाणूचा आजार आहे हें आंरी कारे या फ्रेंच पशुवैद्यानें १९०५ सालीं दाखविलें. ताप, खोकला, नाकाडोळ्यांतून घाण हें सर्व ओसरतें, पिलूं खेळूं लागतें. आणि मग कांहीं आठवड्यांनीं, क्वचित् कांहीं महिन्यांनीं, झटके येऊं लागतात. आमच्या घरची सात वर्षांची कुत्री यांतूनच उठलेली. तिच्या दांतांवर तपकिरी खळगे आहेत आणि डावा मागचा पाय झोंपेंतही ठेक्यांत उडतो. तिचें त्यावांचून कांहीं अडत नाहीं. जिन्यावर पोस्टमनला आमच्या आधीं तीच गांठते. पण ती आल्यावर पहिले तीन महिने रात्रीं एकदां दिवा लावून तिच्याकडे पाहिल्याशिवाय आम्हांला झोंप येत नसे, हेंही खरें. असें पिलूं घेऊं नये असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र सर्व माहीत करून घ्यावें, आणि मुलालाही तें आधींच सांगावें.

पार्व्होंतून उठलेल्या पिलाबाबत काळजी घ्यावयाची ती घराची. बरें झाल्यावरही कांहीं आठवडे त्याच्या विष्ठेंतून विषाणु पडत राहूं शकतो. म्हणून महिनाभर त्याला इतर कुत्र्यांत सोडूं नये. मातींत, सांदीकोपऱ्यांत हा विषाणु कित्येक महिने टिकतो व नेहमींच्या फिनेलाला दाद देत नाहीं. जागा आधीं साबणानें स्वच्छ धुवावी. मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी हें मिश्रण पसरून दहा मिनिटें ओलें राहूं द्यावें. ज्या घरांत पूर्वीं याच आजारानें एखादें पिलूं गेलें असेल, तेथें नवीन आणण्यापेक्षां असें बरें झालेलें पिलूं आणणें अधिक निर्धास्त.

आपल्या घरांत पिलूं म्हटलें कीं दूधभात ठरलेला. तो येथें नको. हळव्या आंतड्यांना दूध सोसत नाहीं. मऊ भात थोडथोडा, दिवसांतून चारपांच वेळां द्यावा. सोबत डॉक्टर उकडलेलें अंडें किंवा कोंबडी सांगतात. हा वाद आम्हीं गॅलरींत निराळी शेगडी व निराळें पातेलें मांडून मिटविला. ज्यांना तेंही चालत नसेल त्यांनीं डॉक्टरांना विचारून तयार खाणें आणावें.

कुत्र्याचा पार्व्हो माणसाच्या मुलाला होत नाहीं. जंत मात्र होऊं शकतात, तेव्हां पिलाला जंताचें औषध चुकवूं नये. तीन महिन्यांचें होतांच रेबीजची लस द्यावी. एका आजारांतून उठलें म्हणून बाकीच्या लसी टाळणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. डिस्टेंपर किंवा रेबीज यांपासून पार्व्हो कोणालाही वांचवीत नाहीं.

राहिल्या सासूबाई. महाप्रस्थानांतील धर्मराजाचा कुत्रा सर्वांस ठाऊक असतो. आदिपर्वांतील सरमेचें पिलूं फारसें कोणास आठवत नाहीं. जनमेजयाच्या सत्रांत शिरलेल्या त्या पिलाला राजाच्या भावांनीं मारलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नव्हतें, चाटणें तर दूरच. आईनें येऊन जाब विचारला तेव्हां तेथें कोणापाशीं उत्तर नव्हतें. सासूबाईंना वाचनाची आवड असेल, तर तो भाग त्यांनाच मोठ्यानें वाचावयास सांगावा.

म्हातारीचें लसीचें कार्ड तेवढें आजच काढून पाहावें. लस राहिली असेल तर आधीं तिला टोंचून घ्यावें आणि पिलूं त्यानंतर पंधरा दिवसांनीं आणावें. तोंवर त्याचा महिनाही भरत येईल. तिची ताटली व तिची निजावयाची जागा तिच्याकडेच ठेवावी, आणि पहिली भेट दाराबाहेर, जिन्यांत घडवावी.