एक संगणक, अनेक पडदे. पण किल्ली कोणाकडे?

संगणकाला दुसरा पडदा जोडावयाचा तर पूर्वी यंत्राच्या आत आणखी एक ग्राफिक्स कार्ड बसवावे लागे. ही अट ज्यांनी सैल केली त्यांत डिस्प्लेलिंक या कंपनीचे स्थान महत्त्वाचे आहे. संगणकातील सॉफ्टवेअर पडद्याचा बदललेला भाग तेवढा हेरते, तो आकुंचित करून साध्या यूएसबी तारेने धाडते आणि पलीकडची लहानशी चिप त्याचे पुन्हा चित्र करते. युक्ती सोपी आहे; तिचा इतिहास मात्र बोधप्रद आहे.

केंब्रिजमधील एटी अँड टीची संशोधनशाळा २००२ मध्ये बंद झाली. दूरचा संगणक आपल्या पडद्यावर आणणारे 'व्हीएनसी' हे सॉफ्टवेअर याच शाळेत जन्मले आणि जगाला मुक्तपणे मिळाले. तिथे काम केलेले क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि मार्टिन किंग यांनी २००३ मध्ये 'न्यूनहॅम रिसर्च' स्थापन केली. तिचेच नाव पुढे डिस्प्लेलिंक झाले. या कल्पनेच्या शेजारीच 'एनडियो' हा ना-नफा प्रकल्प उभा होता. स्वाहिलीत त्याचा अर्थ 'होय'. एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे आणि गरीब देशांना संगणन परवडावे, हे त्याचे उद्दिष्ट होते.

पुढे काय झाले? बाजारपेठेने या तंत्राला सामायिक वापराकडून कार्यालयीन टेबलाकडे नेले. एका संगणकावर अनेक माणसे बसण्याऐवजी एका माणसापुढे अनेक पडदे आले. २०२० मध्ये सिनॅप्टिक्स या अमेरिकन कंपनीने डिस्प्लेलिंक साडेतीस कोटी डॉलरना विकत घेतली.

यात कोणा व्यक्तीचा दोष शोधणे व्यर्थ होय. प्रश्न मालकीचा आहे. जुन्या चिपसाठी लिनक्सवरील संहिता कंपनीने २००९ मध्ये मुक्त परवान्याखाली दिली; नंतरच्या पिढ्यांच्या चालक-सॉफ्टवेअरचा गाभा मात्र बंदिस्तच राहिला. त्याचा परिणाम २०१८ मध्ये दिसला. ॲपलने आपली कार्यप्रणाली बदलताच अशा जोडणीवरील अनेकांचे जादा पडदे अंधारले. ग्राहकाने पैसे मोजले होते, तार आणि पडदा त्याचेच होते. दुरुस्तीची किल्ली मात्र दोन कंपन्यांच्या हाती होती.

भारतीय वाचकाने हे दूरचे प्रकरण समजू नये. चिप-उद्योगासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत चिपच्या आराखड्यासाठीही साहाय्य आहे. सार्वजनिक पैशातून निर्माण होणाऱ्या ज्ञानावर जनतेचा हक्क काय, हा प्रश्न कारखान्याच्या कोनशिलेआधी विचारला गेला पाहिजे. शाळा व ग्रंथालयांसाठी होणाऱ्या सरकारी खरेदीत मुक्त चालक-सॉफ्टवेअरची अट घालणे, ही त्याची पहिली पायरी ठरेल. कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदांपासून ही मागणी लावून धरावी. यंत्र स्वस्त झाले म्हणजे ते लोकांचे झाले असे नव्हे. ते उघडून दुरुस्त करण्याचा अधिकार मिळेल, तेव्हाच ते लोकांचे होईल.