यादी लागली, मैदान ओस

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की साताऱ्याचे शाहू स्टेडियम काय आणि सांगलीचे शिवाजी स्टेडियम काय, उजाडायच्या आत गजबजते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. या धावण्याला २० गुण. एकेका सेकंदासाठी जिवाचे रान करणारी ही पोरे-पोरी बरीचशी कॉलेजातली. यादी लागते, नाव आलेले ट्रेनिंगला जातात आणि राहिलेल्यांतले बरेचजण पुढच्या जाहिरातीपर्यंत बूट माळ्यावर टाकतात. त्यांना आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेचा जो सिद्धान्त मांडला, तो इथे चपखल बसतो. गुण, नोकरी, आरशात दिसणारे दंड ही आमिषे माणसाला मैदानावर आणतात. तो तिथे टिकतो ते हे आपण आपल्या मर्जीने करतोय, आपल्याला जमतेय आणि आपले कुणीतरी सोबत आहे, असे वाटले तरच. तालमीला हे शिकवावे लागले नाही. दोन दिवस दांडी मारली की जोडीदार दारात उभा: ‘काय रं, आला न्हाईस?’ १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, पैलवानाच्याच घरातले; ही सोबत त्यांना घरातच होती.

कॉलेजातला जिमखाना मात्र संघात निवडलेल्या मोजक्यांचा. बाकीच्यांच्या वाट्याला कॅरम, तोही सोंगट्या कमी असलेला! मुलींचे तर विचारूच नका. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, सांगलीची प्रतीक्षा बागडी २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. हार घालायला सगळे पुढे. पण खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या मुलीची परतीची गाडी आणि मैदानाची वेळ एकच. तिच्यापुढे इच्छाशक्तीवर व्याख्यान झोडून काय उपयोग?

प्राचार्यांनी वेळापत्रकातच सकाळचा एक तास मैदानासाठी ठेवावा, सगळ्यांसाठी. कबड्डी, सूर्यनमस्कार की नुसते चालणे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि कृपा करून त्या तासाला हजेरी लावू नये, गुणही देऊ नयेत.