सोळा तास? जरा पुन्हा मोजा!

परदेशी शिकायला निघालेल्यांच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'अगं आई, सोळा तासांचा तर प्रश्न आहे!' मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमानाला साधारण तेवढेच तास लागतात. हिवाळ्यात मुंबईहून पहाटे दोनला निघालात, तर तिकडच्या घड्याळात त्याच तारखेच्या सकाळचे साडेसात वाजलेले असतात. म्हणजे अमेरिका शेजारच्या गल्लीतच की!

पण हा आकडा तितकासा सरळ नाही. दोन विमानतळांमधलं सर्वांत कमी अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. ताशी 900 ने भागलं तर चौदा तासही होत नाहीत. मग वरचे दोन तास कुठून आले? एक कारण वारा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून आडवे येतात, येताना पाठीशी असतात. दुसरं कारण राजकारण. पृथ्वी गोल असल्यामुळे जवळचा रस्ता पाकिस्तानवरून उत्तरेला चढून नॉर्वे, आइसलंडच्या बाजूने जातो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि त्यांना वळसा पडला. अंतर तेच, वेळ वाढला.

आता हेच गणित सांगलीतून मांडा. मुंबईपर्यंत बस आठ-नऊ तास, विमानतळावर तीन तास आधी, मग सोळा तास, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, पुढची गाडी. तीस तास कुठेच गेले नाहीत! तेही तिकीट लगेच मिळालं तर.

आणि खरी मेख पुढेच आहे. विद्यार्थी व्हिसाची मुदत संपली तरी शिक्षण सुरू असेपर्यंत तिथे राहता येतं. पण घरी आलात, तर परतण्यासाठी सहसा नवा व्हिसा लागतो. तो वेळेत मिळेल का, या धास्तीने कित्येक जण येणंच टाळतात. आजी आयसीयूत असते आणि नातू व्हिडिओ कॉलवर. हे अंतर कुठल्या ॲपवर दिसणार?

म्हणून जाऊच नका, असं मी म्हणत नाही. जरूर जा. पण 'सोळा तासांवर आहे' हा खोटा दिलासा घरच्यांना देऊ नका, स्वतःलाही नको. निघण्याआधी एकदा सगळ्यांसोबत बसून बोला. अचानक यावं लागलं तर तिकिटाचे पैसे कुठून येणार? व्हिसा कधी संपतोय? तुम्ही पोहोचेपर्यंत आई-बाबांजवळ धावून कोण येणार? शेजारचे काका, मावशी, मित्र, जो कोणी असेल त्याला आधीच विचारून ठेवा. हे विषय काढणं अवघड वाटतं, 'शुभ बोल रे' असंही ऐकावं लागेल. तरी काढा. मध्यरात्री फोन वाजल्यावर हे ठरवायला कुणालाच सुचत नाही.